हरकत वाचता आली पाहिजे

(मौदा येथे मे १९९६ मध्ये झालेल्या तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरातले भाषण. बोलले तसेच, थोडे आवरून दिले आहे.)



जमलेल्या माय-बहिणींनो, बुजुर्ग मंडळींनो, आणि दहावी-बारावीच्या निकालाची वाट पाहणाऱ्या पोट्ट्या-पोट्टींनो,

या शिबिरात जमिनीवर बोलणारे आहेत, जंगलावर बोलणारे आहेत, मजुरीवर बोलणारे आहेत. आम्हाला विषय दिला, 'आपण काय वाचतो'. सकाळी यादी वाचली तेव्हा मागे बसलेले काही भाऊ हसले. त्यांचंही बरोबर आहे. तेंदूपत्त्याचा हंगाम टाकून रामटेक-देवलापारकडून लोक इथपर्यंत आले आणि आपण पुस्तकाच्या गोष्टी सांगणार. पण ऐकून घ्या. हा विषय जमिनीचाच आहे. कसा, ते सांगतो.

शिबिराच्या आधी आम्ही काही जण चार-पाच टोल्यांत फिरलो. दर घरी एकच विचारलं, घरात वाचायचं काय काय आहे? लोक आधी म्हणत, काही नाही. मग हळूहळू निघत जाई. शाळेची पुस्तकं निघाली, मोठ्याची लहान्याला आलेली, पहिलं पान गेलेली. दहावीच्या घरी गाइड आणि 'अपेक्षित'. भिंतीवर कालनिर्णय, आणि त्याच्या मागच्या बाजूचा मजकूर वाचणाऱ्या सुनाही निघाल्या. एका घरी जुने 'चांदोबा', एका घरी 'किशोर'चा एक अंक. बस स्टँडवरून आणलेल्या हिंदी जासुशी कादंबऱ्या, त्या बापापासून लपवलेल्या. लग्नपत्रिका. आणि सगळ्यात जास्त काय? किराण्याच्या पुड्याचा पेपर.

एक आठवी-नववीची पोरगी चुलीजवळ बसून तिखटाच्या पुड्याचा कागद सपाट करून वाचत होती. त्यावर कोणत्या तरी पुरवणीतली गोष्ट होती. कागद जिथं फाटला तिथं गोष्ट संपली. तिनं आम्हाला विचारलं, "भाऊ, पुढं काय झालं असन?" आम्हाला सांगता आलं नाही. पण त्या दिवशी आमच्या ध्यानात आलं, आपल्या पोरांना वाचायची भूक नाही असं जे मास्तर लोक म्हणतात, ते खरं नाही. भूक आहे. ताटात काही नाही.

दर घरी आणखी एक गोष्ट निघाली. पत्र्याची पेटी. त्यात रेशनकार्ड, सोसायटीची नोटीस, जुना सातबारा, कोर्टाचा एखादा कागद, सगळं पिशवीत गुंडाळून. आम्ही एका आजीला विचारलं, हे कोणी वाचून पाहिलं काय? ती म्हणाली, "ते वाचाचं नसते बाबू, ते ठेवाचं असते."

पुडा फाटका असला तरी आपण तो वाचतो. सातबारा धड असतो, तो ठेवून देतो. आजचं बोलणं एवढ्यावरच आहे.

आता आमच्या घरची गोष्ट. नाव-गाव कोणाचं घेत नाही, कारण अपील चालू आहे.

आमच्या आज्याची नाल्याकडची दोन एकर बांधी. धानाची. एका वर्षी घरात दुखणं आलं, पैसे घेतले, आज्यानं कागदावर अंगठा दिला. आज्याची समजूत अशी की बांधी गहाण आहे, पैसे फेडले की मोकळी. कागद खरेदीचा होता. पुढे घरी एक नोटीस आली. घरात तेव्हा एक दहावी पास पोट्टा होता. सगळ्या घराण्यात पहिला दहावी. मराठीत साठाच्या वर मार्क. आज्यानं नोटीस त्याच्या हातात दिली आणि आजूबाजूचे चार लोक बोलावले, नातू वाचून दाखवते म्हणून.

पोट्ट्यानं वाचली. मोठ्यानं, न अडखळता. मौजा, प. ह. नंबर, सदरहू, फेरफार, इसम. शेवटी असं होतं की कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी, अन्यथा नोंद मंजूर करण्यात येईल. आज्यानं विचारलं, काय म्हणते? पोट्टा घाबरला होता. त्यानं शाळा सोडून दोन वर्षं झाली होती, मिरचीच्या कामाला जात होता, त्या दोन वर्षांत एक पान वाचलं नव्हतं. त्याला 'हरकत' हा शब्द एकाच जागी माहीत होता. 'काही हरकत नाही', म्हणजे सगळं ठीक आहे. तो म्हणाला, "आबाजी, काही हरकत नाही म्हणते. मंजूर होईन म्हणते." आज्यानं नोटीस कपाळाला लावली आणि पेटीत ठेवली.

पंधरा दिवस गेले. दोन वर्षं गेली. पेरणीला गेलो तेव्हा बांधीत दुसऱ्याचा नांगर होता.

मग संघटनेच्या एक ताई घरी आल्या, पेटी उघडली, तीच नोटीस वाचली. त्यांनी विचारलं, हा कागद आला तेव्हा घरात वाचणारं कोणी नव्हतं काय? आजा त्या पोट्ट्याकडे पाहून काही बोलला नाही. तो पोट्टा म्हणजे आम्हीच.

हे रडायला सांगत नाही. हिशेब करायला सांगतो. १९९१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या आदिवासींपैकी शंभरातले सुमारे सदतीस साक्षर निघाले, बायांमध्ये शंभरातल्या चोवीस. सरकार म्हणते, हा आकडा वाढवू. वाढवा. पण त्या सदतीसांत आम्हीही होतो. आम्ही साक्षर होतो आणि तरी नोटीस वाचता आली नाही. अक्षर ओळखणं वेगळं, वाचणं वेगळं.

मग दहा वर्षं शाळेत काय वाचलं? धडे वाचले. धड्याखालचे प्रश्न वाचले. गाइडातली उत्तरं पाठ केली. कविता तोंडपाठ होत्या, आजही येतात, अर्थ विचाराल तर मान खाली. शाळेची भाषा आणि घरची भाषा पहिल्या दिवसापासून वेगळी. घरी वावर, पुस्तकात शेत. घरी धुरा, पुस्तकात बांध. आपल्या आजी-आज्यांची गोंडी तर या भागात बोलण्यातूनही सुटत चालली. मास्तर आले की उभं राहायचं, मास्तर म्हणतील ते म्हणायचं. समजलं नाही असं म्हणायची हिंमत शाळेनं दिली नाही. तीच सवय नोटिशीच्या वेळी नडली. समजलं नाही असं आम्ही म्हणालो असतो, तर आज्यानं दुसऱ्या कोणाला गाठलं असतं. आमची चूक शब्दाची होती, तशी लाजेचीही होती.

आणि पुस्तकातली भाषा एक, कागदाची भाषा तिसरीच. शाळेत आकार म्हणजे गोल, चौकोन. सातबाऱ्यावर आकार म्हणजे जमिनीचा सारा. पोटखराब म्हणजे कोणाचं पोट बिघडलं नाही, ती वावरातली लागवडीला न येणारी जागा. निरंक हे कोण्या माणसाचं नाव नाही, काही नाही एवढाच त्याचा अर्थ. हसता ना? आम्हीही हसतो आता. पण हे शब्द माहीत नसल्यापायी वावरं गेली आहेत.

शाळेच्या इतिहासात आपण होतो काय? नागपूर शहर १७०२ मध्ये वसवलं ते देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा यानं. हे आम्हाला बारावीनंतर कळलं. चांद्याचे बाबुराव शेडमाके इंग्रजांशी लढले, त्यांना २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या जेलात फाशी दिली. १८५७ चा धडा आम्ही पाठ केला होता, त्यात ते आम्हाला भेटले नाहीत. ज्या पुस्तकात आपण कुठंच नाही, ते पुस्तक परीक्षा झाली की पोट्टं रद्दीत टाकते. त्याच्यावर रागावून काय होणार?

आता एका खुणेची गोष्ट. २३ नोव्हेंबर १९९४. इथून तासाभराच्या वाटेवर नागपूरला विधानभवनावर गोवारी बांधवांचा मोर्चा गेला. चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं मेली. त्यांत बाया जास्त, लेकरंही होती. मोर्चा कशासाठी होता? अनुसूचित जमातींच्या यादीत 'गोंड गोवारी' असं लिहिलं आहे. गोवारी बांधवांचं म्हणणं असं की त्या दोन शब्दांमध्ये स्वल्पविराम पाहिजे होता. गोंड, गोवारी. त्या मागणीवर आपल्या समाजात दोन मतं आहेत, या शिबिरातही असतील, आज त्यात शिरत नाही. आम्ही एवढंच म्हणतो, मराठीच्या पेपरात विरामचिन्हं दोन मार्काला येतात आणि आपण ती सोडून देतो. इकडे लाखभर माणसाचं जातीचं सर्टिफिकेट त्या एका खुणेवर अडलेलं आहे. जो समाज कागदावरची एवढी बारीक खूण वाचत नाही, त्याच्या नशिबाचा कागद दुसरा कोणी वाचते.

मग करायचं काय? कायद्याची पुस्तकं वाटायची? ते आम्ही करून पाहिलं. एका टोल्यात कायद्याची माहिती असलेली पत्रकं वाटली. दुसऱ्या खेपेस गेलो तर ती पेटीत ठेवलेली होती, नोटिशीसोबत. लोकांनी आमचा मान ठेवला आणि कागदही ठेवला.

वाचणं परत कसं आलं, ते आमच्यावरूनच सांगतो. बांधी गेल्यावर आम्ही अकरावीला नाव टाकलं, ताईंनी टाकायला लावलं. त्यांनी आधी कायदा नाही दिला. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक दिलं. ठाणे जिल्ह्यातल्या वारली आदिवासींची हकीकत आहे. सावकार-जमीनदारांची वेठबिगारी, लग्नासाठी घेतलेल्या थोड्या पैशापायी जन्मभर राबणारे लग्नगडी, आणि मग १९४५ मध्ये झरीच्या सभेत वेठ करणार नाही म्हणून उभे राहिलेले लोक. पहिली पानं जड गेली. मग गोष्टीनं धरलं. तीन रात्री कंदिलाजवळ वाचत बसलो. पुढं काय झालं हे पाहिल्याशिवाय ठेवतच नव्हतं. त्या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे हे मागाहून कळलं. आम्हाला पुरस्कारापायी नाही, गोष्टीपायी आवडलं.

चौथ्या रात्री आईनं विचारलं, काय वाचतं रे एवढं? तेव्हा मोठ्यानं वाचायला लागलो. शेजारच्या दोघी-तिघी आल्या. दुसऱ्या दिवशी आणखी आल्या. अंगठ्याची गोष्ट आली तेव्हा आमचा आजा खाटेवरून म्हणाला, "थांब. परत वाच." परत वाचलं. तो म्हणाला, "हे तं आपलंच हाय." ठाणे जिल्हा कुठं, आपण कुठं. आज्यानं ठाणं पाहिलं नाही. पण त्याला समजलं की आपण मूर्ख म्हणून फसलो नाही. फसवायची रीतच आहे ती, आणि ती जागोजागी सारखी आहे. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला त्याला शंभरावर वर्षं झाली, त्यातही अडाणी शेतकऱ्याला कागदात गुंतवणारे हेच लोक आहेत.

आणि मग एका रात्री पुस्तक संपल्यावर आजाच म्हणाला, आता पेटीतलं वाच. त्या दिवशी आमच्या घरी सातबारा पहिल्यांदा मोठ्यानं वाचला गेला. तसाच, गोष्टीसारखा. एक शब्द वाचायचा, थांबायचं, कोणाला समजला काय विचारायचं. नाही समजला तर वहीत लिहायचा आणि जाणत्याला विचारायचा. लाज नाही धरायची.

म्हणून आमचं म्हणणं असं की मजेसाठी वाचणं ही चैन नाही. जो रोज दोन पानं आवडीनं वाचते त्याची जीभ, डोळा आणि डोकं चालू राहते. नोटीस वर्षातून एखाद्या वेळी येते. त्या दिवशी नवीन काही शिकता येत नाही, चालू असलेलंच कामी येते. बैल वर्षभर बांधून ठेवला आणि पेरणीच्या दिवशी जुंपला तर चालन काय? तसंच वाचण्याचं आहे.

तेव्हा मायबापांना विनंती, पोट्टी 'चांदोबा' वाचते म्हणून रागावू नका. जासुशी कादंबरी सापडली तर जाळू नका. आज विक्रम-वेताळ वाचन, उद्या दुसरं वाचन. तालुक्याच्या ठिकाणी सार्वजनिक वाचनालयं आहेत, सरकारचं अनुदान असते त्यांना. थोडं डिपॉझिट आणि वर्गणी भरली की पुस्तक घरी मिळते. चार जणांनी मिळून एक वर्गणी भरा आणि पुस्तक टोल्यात फिरवा.

आणि आपलेही लोक लिहायला लागले आहेत. आदिवासी साहित्य संमेलन पहिल्यांदा भद्रावतीला भरलं, १९७९ मध्ये. शहाद्याकडच्या भूमिहीनांच्या चळवळीतून आलेले वाहरू सोनवणे भिली आणि मराठीत कविता लिहितात, त्यांचं 'गोधड' १९८७ मध्ये आलं. भुजंग मेश्राम यांचं 'उलगुलान' आहे. आपल्याच रामटेक भागातले मोतीरावण कंगाली गोंडी भाषा आणि पुनेमवर लिहितात, हिंदीत आहे पण आपल्याला समजते. हे वाचा. सगळंच पटलं पाहिजे असं नाही. पटलं नाही तर वाद घाला. वाद घालण्यासाठीही वाचावं लागते.

शेजारच्या वस्तीकडूनही शिका. दसऱ्याला नागपूरच्या दीक्षाभूमीवर जाऊन पहा. रोजमजुरी करणारी माणसं लांबून येतात, शिदोरी झाडाखाली सोडतात, आणि जाताना पुस्तकाच्या दुकानावर गर्दी करतात. ज्याला वाचता येत नाही तोही लेकरासाठी एक घेते. बाबासाहेबांनी त्या समाजाला ती सवय लावली. आपल्याला अजून लागायची आहे.

गडचिरोलीकडे धानोऱ्याजवळ मेंढा म्हणून गोंडांचं गाव आहे. तिथं अभ्यासगट चालतात. लोक बसतात, एक विषय घेतात, कागद वाचतात, माहितगाराला बोलावतात, आणि मग गावसभेत सगळ्यांच्या मतानं ठरवतात. आमच्या गावात आम्हीच सरकार, असं ते म्हणतात. ते नुसतं भिंतीवर लिहून झालं नाही. आधी बसून वाचलं, मग म्हणाले.

आता काम सांगतो. घरी गेल्यावर विसरू नये म्हणून मोजकंच.

पहिलं. दर टोल्यात आठवड्यातून एक रात्र वाचनाची. आधी गोष्ट, मग एक कागद. गोष्ट आधीच घ्यायची, नाहीतर लोक दुसऱ्या आठवड्यात येत नाहीत. वाचणारा नववी-दहावीचा पोट्टा किंवा पोट्टी, पाळीपाळीनं. पोट्टींना मुद्दाम बसवा.

दुसरं. पेटी उघडा. ज्याची त्यानं आपल्या मर्जीनं. सातबारा, आठ-अ, फेरफाराची नक्कल नसेल तर काढून आणा. नाव बरोबर आहे काय, क्षेत्र बरोबर आहे काय, इतर हक्काच्या रकान्यात कोणाचं काय चढलं आहे, ते पहा. बापाच्या मागे बहिणींची नावं लागली काय, तेही पहा.

तिसरं. या तारखा पोरांकडून पाठ करून घ्या, कवितेसारख्या. ६ जुलै १९७४. त्या दिवसापासून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, दान देता येत नाही, गहाणही ठेवता येत नाही. विक्रीला तर सरकारची आधी मान्यता लागते. आणि १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा आहे, तो १ नोव्हेंबर १९७५ पासून लागू आहे. आमच्या आज्याच्या कागदाला परवानगी नव्हती. ती हरकत त्या पंधरा दिवसांत एका ओळीत लिहून देता आली असती. आता त्याच ओळीसाठी तारखेवर तारखा चालल्या आहेत.

चौथं. न वाचता सही नाही, न ऐकता अंगठा नाही. समोरचा घाई करत असेल तर समजून घ्या, त्या कागदात वाचण्यासारखं काही आहे. म्हणा, उद्या देतो. आमच्याकडे वाचनाची रात्र असते, त्या रात्री वाचून देतो.

आणि पाचवं, हे पोरांसाठी. समजलं नाही तर समजलं नाही म्हणा. शाळेत म्हणा, घरी म्हणा, तहसीलात म्हणा. आम्ही त्या दिवशी म्हणालो नाही.

ती तिखटाच्या पुड्यावाली पोरगी आज इथं आली आहे, मागे बसली आहे. तिची गोष्ट आम्हाला कुठं सापडली नाही, पण तिच्यासाठी 'किशोर'चे जुने अंक आणले आहेत, त्यात पूर्ण गोष्टी आहेत. तिनं कबूल केलं आहे की तिच्या टोल्यातली पहिली रात्र ती वाचणार. गोष्ट कोणती ते ती ठरवणार. कागद तिच्या आजीच्या पेटीतला. आजी म्हणाली आहे, "ठेवून ठेवून थकली बाबू, आता वाचा."

एवढंच. जय सेवा.